एक प्रत गावात

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल तीनदा वाचली. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा चष्मा पुसून दोन्ही फेलोशिपची करारपत्रं वाचली. ती तू जोडली आहेस खरी, पण स्वतः वाचलेली दिसत नाहीत.

एकीकडे मोठ्या शहरात वर्षभर नगररचनेच्या धोरणावर काम आणि बरं विद्यावेतन. दुसरीकडे निम्म्या पैशांत आपल्या अमळनेर-चोपड्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांचं दस्तऐवजीकरण. आणि तू विचारतेस, "काका, सीव्हीवर कुठली जड दिसेल?" ते वजन मला कळत नाही. मला एवढंच सांग, वर्ष संपल्यावर तुझ्या कामाची एक प्रत गावात राहणार आहे का?

दुसऱ्या करारातलं सातवं कलम काढ. सर्व नकाशे, छायाचित्रं, टिपणं संस्थेच्या मालकीची, लेखी परवानगीशिवाय कुणाला देता येणार नाहीत. पहिल्या करारातही तेच आहे, फक्त साखर घालून. असल्याच कलमाखाली मी 1987 साली सही ठोकली होती. तेव्हा 24 वर्षांचा होतो, दिल्लीच्या एका संस्थेचं पत्र हातात होतं आणि गल्लीतले लोक 'दिल्लीवाला' म्हणायला लागले होते. कलमं कोण वाचतो?

शिरपूरच्या बाजूला तापीकाठी एक वाडा होता. पुढचा भाग नऊ खणांचा, भिंती अडीच फुटी, आणि जिना भिंतीच्या पोटातून वर गेलेला. खांदा तिरका केल्याशिवाय माणूस वर जायचा नाही. सागाच्या तुळया, त्यांवर किलच्या म्हणजे बारीक लाकडं, वर पाला आणि मग खारी माती. पावसाळ्याच्या तोंडावर दरसाल नवी माती पडायची. अकरा दिवस मी तो वाडा मोजला. फितीचं दुसरं टोक घरातल्या म्हाताऱ्या आजी धरायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोक सोडलं आणि विचारलं, "बेटा, मोजी ऱ्हायना का इकी ऱ्हायना?" मोजतोयस की विकतोयस? मी हसलो. हसायला नको होतं.

तुळयांच्या टोकांना सुताराच्या छिन्नीच्या खुणा होत्या. एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीखाली रेघ. कुठली तुळई कुठल्या खांबावर बसते त्याचा तो हिशेब. मी वहीत सगळ्या खुणा उतरवल्या, अगदी प्रेमाने. वही दिल्लीला गेली, ट्रेसिंग गेले, निगेटिव्ह गेल्या. इंग्रजीत झकास अहवाल झाला. आजींना त्यातली एक ओळ वाचता आली नसती, आणि तो वाचायला त्या दिल्लीला तरी कशाला जातील?

2006च्या पावसाळ्यात वाड्याचा दर्शनी भाग खचला. नातवांनी शहाणपणा केला, पाडला नाही. तुळया उतरवून ओट्यावर रचल्या आणि सुतार बोलावला. टोकं कुजली होती, खुणा गेल्या होत्या. सुतार म्हणाला, नकाशा मिळाला तर बसवून देतो. थोरल्याला आठवलं, एक पोरगा आला होता मोजायला. त्याने मला धुळ्यात शोधून काढलं. मी संस्थेला पत्र टाकलं. अडीच महिन्यांनी उत्तरादाखल एक फॉर्म आला: वापराचा उद्देश लिहा, संस्थाप्रमुखाची सही आणा, शुल्क भरा. माझ्याच हाताने काढलेल्या नकाशासाठी! फॉर्म भरेपर्यंत दिवाळी आली, भावांची वाटणी निघाली आणि साग घनफुटाच्या भावाने गेला.

एक प्रत त्या घराच्या कोनाड्यात असती तर?

तू म्हणशील, तेव्हा झेरॉक्स महाग, अमोनिया प्रिंट काढायलाही शहर गाठावं लागायचं. मीही वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगितलं. संस्थेचा नियम होता, मी एकटा होतो, पैसे नव्हते. पैसे होते, बेटा. विद्यावेतनातून मी रेकॉर्ड प्लेअर घेतला होता.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात कुणीही शिकाऊ आला की पहिल्या दिवशी त्याला हेच ऐकवतो, एक प्रत गावात. पोरं पाठीमागे नक्कल करतात, मला ठाऊक आहे.

तुझं दुसरं वाक्य आणखी खटकलं. 'आपल्याकडे या क्षेत्रात काहीच होत नाही.' मग होणार कसं? वारसा शहरांसाठी केंद्राची हृदय योजना 2015 साली आली, 2019ला संपली. 12 शहरं घेतली, त्यांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. स्मार्ट सिटीत देशातली 100 शहरं, राज्यातली 8, खानदेशातलं शून्य. मुख्यमंत्री फेलोशिप 2015पासून, मधला खंड सोडला तर, आहे. 21 ते 26 वयाच्या मुलांना सरकारी कामात घेतात, चांगली गोष्ट आहे. 2020पासून केंद्राच्या ट्युलिप योजनेतून नगरपालिकांत इंटर्नशिपही मिळायला लागल्या. वारसा जपणारी इंटॅक संस्था 1984पासून आहे, त्यांच्या शिष्यवृत्त्या आहेत. चार्ल्स वॉलेस ट्रस्टच्या मदतीने मुलं वारसा जतन शिकायला विलायतेला जाऊन येतात. जा ना. कोण अडवतंय? माझी अट तीच आहे. गाव शिकवतं, घरवाली चहा पाजते, म्हातारं माणूस उन्हात फीत धरतं आणि कागद बाहेरगावी जातात. याला मी चोरी म्हणत नाही, पण दुसरा शब्दही सापडलेला नाही.

गावात कागद नसला की काय होतं ते धुळ्यातच बघ. आग्रा रोडवर कुणालाही विचार, या सरळ गल्ल्या, एक नंबर, दोन नंबर, कुणी आखल्या? दहातले आठ सांगतील, विश्वेश्वरय्यांनी. विश्वेश्वरय्या जन्मले 1861 साली आणि इथे सहायक अभियंता म्हणून आले 1884च्या सुमाराला. पांझरा नदीच्या पाटाच्या कामावर त्यांनी घाम गाळला, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण नवं धुळं वसवायला घेतलं इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने, पेशवाई बुडाल्यावर, 1819च्या आसपास. विश्वेश्वरय्यांचे वडील तरी तेव्हा जन्मले होते की नाही कोण जाणे. मूळ आराखड्याची एक प्रत धुळ्याच्या पाचकंदील भागात भिंतीवर टांगलेली असती तर हा घोळ झाला नसता. आता कुणाशी भांडायचं? मी भांडतो, ते सोड.

उलटं उदाहरणही धुळ्याचंच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करायचे. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले. त्यांचे कागद मुंबई-पुण्याला हलवायला कितीसा वेळ लागला असता? लोकांनी 1927 साली इथेच संशोधन मंडळ काढलं. आज मोडीचा कागद बघायला बाहेरची माणसं धुळ्याच्या स्टँडवर उतरतात. मी त्यांना रिक्षावाल्याशी भाव करताना पाहिलं आहे आणि दर वेळी उगाच छाती फुगली आहे.

आता कामाचं. नुसती प्रत ठेवून भागत नाही, ती कामाला येणारी हवी. प्रत्येक शीटवर सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता पत्रकावर असलेलं नाव, उत्तर दिशा, मोजल्याची तारीख. आणि सगळं मराठीत. 'वेस्टर्न एलेव्हेशन' लिहिलंस तर परत पाठवीन. हे का, तर थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरींना केंद्राचा 1958चा कायदा आहे, भोवती 100 मीटर बांधकामाला मनाई, पुढे 200 मीटर नियंत्रण. धाब्याच्या घराला यातलं काही नाही. त्याला आसरा एकच, नगररचनेचा 1966चा कायदा. विकास आराखड्यात वारसा जपण्याची तरतूद करता येते, पण यादी कुणीतरी नंबरासकट द्यावी लागते. मुंबईने वारशाचे नियम 1995 सालीच केले. 2020च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ते बाकीच्या बहुतेक राज्यासाठीही आहेत, पण यादीच नसेल तर नियम काय जपणार? प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला 30 दिवस. एकदा मी आठ घरांची हरकत घेऊन गेलो होतो. साहेबांनी शांतपणे विचारलं, सर्व्हे नंबर? माझ्याकडे सुंदर फोटो होते.

'आता सगळं फोनमध्ये असतं' असं म्हणू नकोस. दोन वर्षांत तीन फोन बदललेस, मागच्यातले चोपड्याचे फोटो कुठे आहेत ते मला दाखव.

तर कुठली घ्यायची? दोन्हीकडे आजच लिही. साध्या भाषेत लिही, भांडू नकोस, ते काम माझं. 'मोजणीच्या नकाशांची मराठी प्रत घरमालकाला, नगरपरिषदेला आणि गावातल्या एका वाचनालयाला देण्यास संस्थेची हरकत नसावी' एवढं एक वाक्य करारात घालून मागायचं. जो हो म्हणेल त्याच्याकडे जा, मग तो शहरातला असो की गावातला. दोघंही नाही म्हणाले तर दोन्ही सोड.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सोड म्हणणं मला सोपं आहे, माझं घर बांधून झालंय. तुझ्या वडिलांची ओढाताण मला दिसते, आणि तुझ्या वयात मीही सोडली नव्हती. तेव्हा वेळ आलीच तर घे, पण सही करण्याआधी सातव्या कलमाबद्दल त्यांच्याशी बोल आणि उत्तर लेखी घे. नकाशे त्यांचे तर त्यांचे. घरमालकाला त्याच्या घराची मापं त्याच्याच वहीत, त्याच्यासमोर, त्याच्या हाताने लिहायला लाव. स्वतःचं घर स्वतः मोजायला कुठल्या संस्थेची परवानगी लागत नाही. ही युक्ती मला 1987 साली सुचली असती तर हे पत्र इतकं लांबलं नसतं.

सोबत नळकांड्यात एक ट्रेसिंग आहे. मागच्या महिन्यात कपाट आवरताना सापडलं. त्या वाड्याच्या जिन्याचा छेद, दिल्लीला पाठवायचा चुकून राहिलेला. खाली कोपऱ्यात आजींनी फीत धरलेली मी पेन्सिलने गंमत म्हणून काढली आहे. तू शनिवारी शिरपूरला मावशीकडे जातेस ना? थोरला नातू अजून त्याच गावात आहे, वाड्याच्या जागी आता स्लॅबचं घर आहे. पत्ता नळकांड्यावर लिहिलाय. त्याच्या हातात दे. मी स्वतः इतक्या वर्षांत गेलेलो नाही, आणि तो का म्हणून विचारेल, तेव्हा काका आजारी आहेत असं सांगू नकोस.

देण्याआधी एक झेरॉक्स मात्र काढून घे. मोठ्या आकाराची धुळ्यातच होते, शिरपूरला मिळेल याचा भरवसा धरू नकोस.

तुझा
काका