बँक मोबाइलवर चालते, मग मतदान का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माणसं आयुष्यभराची कमाई बसल्या जागी मोबाइलवरून इकडून तिकडे पाठवतात, मग एक मत द्यायला केंद्रावर जाऊन रांगेत का उभं राहायचं? तंत्रज्ञान तयार आहे, फक्त राजकारण्यांनाच ते नकोय, असं तुम्ही पुढे म्हटलंय.

राजकारण्यांच्या मनातलं मला काय माहीत! पण बँकांच्या व्यवहारांचा ताळा जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी बरीच वर्षं काम करते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. आणि माझं मत असं, की बँकेचं उदाहरण ऑनलाइन मतदानाच्या विरोधातच जातं.

बँकेचं सॉफ्टवेअर चुकत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. चुकतं. रोज चुकतं. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झालीच नाही, एकच व्यवहार दोनदा नोंदला गेला, ऐन मोक्याला सर्व्हर बसला आणि व्यवहार अधांतरी लटकला, हे आमच्याकडे नेहमीचंच. तरी कोणाचे पैसे बुडत नाहीत, कारण प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. दिवस संपला की दोन्ही बँकांच्या याद्या समोरासमोर येतात. एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, अशी नोंद आपोआप बाजूला पडते. मग कोणत्या खात्यातून, किती वाजता, कोणत्या उपकरणावरून, कुठपर्यंत पोचून अडकली, हे सगळं बघून ती रक्कम परत फिरवली जाते. बरेचदा आमच्याआधी खातेदारानेच स्टेटमेंट बघून तक्रार केलेली असते. या सगळ्या कारभाराचा पाया एकच: बँकेला तुमचं सगळं ठाऊक असतं, तुम्हालाही सगळं दिसतं, आणि झालेली गोष्ट उलटवता येते.

हेच मताला लावून बघा. कोणी कोणाला मत दिलं, हे निवडणूक अधिकाऱ्यालाही कळता कामा नये. यादीतल्या नावापासून मत तोडूनच टाकायचं असतं. एकदा तोडलं की 'माझं मत भलत्याच्याच खात्यात गेलं' ही तक्रार तपासायची कशाच्या आधारावर? शिवाय तक्रार करायला मतदाराला तरी ते कळणार कुठून? खात्यातून पैसे गेले तर खातं रिकामं दिसतं. मत बदललं गेलं तर पडद्यावर 'धन्यवाद' एवढंच दिसतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की मतदाराला पावती द्या. देऊन बघा! कोणाला मत दिलं याची पक्की पावती हातात आली, की ती विकता येते. आणि ज्याला ती दाखवायची सक्ती होईल, त्याचे हाल वेगळेच. गुप्त मतदान काही आकाशातून पडलेलं नाही. ब्रिटनमध्ये 1872 पर्यंत मतदार चारचौघांत उमेदवाराचं नाव उच्चारायचा, कोणी कोणाला मत दिलं ते वहीत लिहिलं जायचं, आणि जमीनदार किंवा मालक समोरच उभा असायचा. त्या वर्षी कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत तिथल्या मतदारांनी पहिल्यांदा गुप्त मत दिलं. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी हे 1856 मध्येच सुरू केलं होतं. मतदान केंद्रावरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा दिसायला फालतू असतो, पण त्याच्यामागे नवरा, बाप, मुकादम, कोणीच येऊ शकत नाही. मोबाइलवर मतदान आणलं की तो आडोसा गेला. घरातला कर्ता पुरुष सगळ्यांचे फोन स्वतःपुढे ठेवून 'आटपा लवकर' म्हणाला, तर कोणता ओटीपी त्याला अडवणार?

एस्टोनियाचं उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून मीच देते. तिथे 2005 पासून इंटरनेटवर मत देता येतं आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइनच पडली. सक्तीवर त्यांनी काढलेला तोडगा मला खरोखर आवडतो: मुदतीत कितीही वेळा मत बदला, शेवटचं धरलं जाईल, आणि केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलंत तर ऑनलाइन दिलेलं रद्द. मात्र त्यामागे प्रत्येक नागरिकाकडे चिप असलेलं ओळखपत्र आहे, साधारण तेरा लाख लोकसंख्या आहे आणि सरकारी कामं ऑनलाइन करायची वर्षानुवर्षांची सवय आहे. एवढं असूनही 2017 मध्ये त्या कार्डांच्या चिपमध्येच त्रुटी निघाली. सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रं नोव्हेंबरमध्ये थांबवून नव्याने द्यावी लागली.

तरी एस्टोनियाने निस्तरलं. न निस्तरलेला किस्सा वॉशिंग्टन डीसीचा, आणि तो मला जास्त शिकवून जातो. परदेशी असलेल्या मतदारांसाठी 2010 मध्ये त्यांनी ऑनलाइन मतदानाची यंत्रणा बनवली, आणि (हे मात्र कौतुकास्पद) खऱ्या निवडणुकीआधी लुटुपुटीची निवडणूक ठेवून सगळ्यांना सांगितलं, फोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी बसले. मतदाराने भरलेली मतपत्रिका फाइल म्हणून अपलोड व्हायची आणि त्या फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा सर्व्हर न तपासता आपल्या कमांडमध्ये जोडायचा. म्हणजे नावाच्या जागी हुकूम लिहिला की सर्व्हर तो पाळणार. नवशिक्या प्रोग्रामरला पहिल्या महिन्यात सांगतात, बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवू नकोस, तीच चूक. 48 तासांच्या आत यंत्रणा त्यांच्या ताब्यात होती. पडलेली सगळी मतं त्यांनी बदलली, पुढे पडणारी बदलत राहतील अशी सोय केली, सर्व्हरच्या खोलीतले कॅमेरेसुद्धा बघितले, आणि जाता जाता मतदानानंतरच्या आभाराच्या पानावर आपल्या विद्यापीठाचं गाणं वाजेल असं करून ठेवलं. अधिकाऱ्यांच्या लक्षात यायला जवळजवळ दोन कामाचे दिवस गेले, तेही त्या गाण्यामुळे. गाणं न लावणारा आला असता तर?

स्वित्झर्लंडची गोष्ट वेगळी. तिथल्या टपाल खात्याने 2019 मध्ये आपल्या मतदान प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मूळ मजकूर, खुला केला आणि काही आठवड्यांतच संशोधकांना त्यात दोष सापडला. कोणाचं मत कोणतं ते कळू नये म्हणून केलेली मतांची सरमिसळ प्रामाणिकपणे झाली, असं गणिताने सिद्ध करणारा जो भाग होता, त्यातूनच मतं बदलूनही 'सगळं ठीक' असा खोटा दाखला काढता येत होता. त्यांनी ते बंद केलं, दुरुस्त केलं आणि 2023 मध्ये मोजक्या कॅन्टनमध्ये (तिथल्या राज्यांत), मर्यादित मतदारांसाठी पुन्हा सुरू केलं. असं सावकाश, उघड्यावर काम होत असेल तर माझा विरोध बराच मवाळ होतो.

ब्लॉकचेनबद्दल (एकदा शिरलेली नोंद मागाहून बदलता येऊ नये अशी नोंदींची साखळी) दोनच वाक्यं. मत साखळीत शिरल्यानंतर ते बदलत नसेलही, पण शिरण्याआधीच तुमच्या फोनमधल्या व्हायरसने ते बदललं असेल तर साखळी ते खोटं मत अत्यंत निष्ठेने जपून ठेवेल. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2018 मध्ये असं ॲप वापरलं आणि 2020 मध्ये तिथल्याच एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातली भोकं दाखवल्यावर सोडूनही दिलं.

हॅकर सोडाच, साधी गर्दीही पुरते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर 2021 च्या स्थानिक निवडणुकांत ऑनलाइन यंत्रणा कोलमडली, काहींना मतच देता आलं नाही आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तीन ठिकाणचे निकाल रद्द ठरवले. लोक घरबसल्या जास्त मतदान करतील ही आशाही फारशी खरी ठरत नाही. नॉर्वेने 2011 आणि 2013 मध्ये प्रयोग केले, मतदान लक्षणीय वाढलं नाही, गुप्ततेची भीती मात्र वाढली. 2014 मध्ये गाशा गुंडाळला.

माझ्यासाठी सगळ्यात वजनदार मुद्दा जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च 2009 मध्ये मांडला. खटला इंटरनेटचा नव्हताच, साध्या मतदान यंत्रांचा होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की मतदान आणि मोजणीतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कसलंही विशेष ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत. निवडणुकीत जिंकणाऱ्याला पटवावं लागत नाही. हरलेल्याला, आणि त्याच्या चिडलेल्या कार्यकर्त्याला, 'तू खरंच हरलास' हे पटवायचं असतं. मतपत्रिकांचा गठ्ठा समोर मोजला की तो निदान गप्प बसतो. 'आमच्या क्रिप्टोग्राफीच्या (सांकेतिक गणिताच्या) तज्ज्ञांनी तपासलंय' या वाक्याने कोण गप्प बसेल? मी त्याच धंद्यात आहे आणि मीही बसणार नाही.

(भारतातल्या यंत्रांचा विषय इथे ओढू नका. ती नेटवर्कला जोडलेली नसतात आणि व्हीव्हीपॅटची कागदी चिठ्ठी मागे राहते. त्यावर वाद घालायचा तर घाला, पण तो वेगळा प्रश्न आहे.)

रांगेबद्दलची तुमची चिडचिड रास्तच आहे. पण तो त्रास कमी करायला मत ऑनलाइन करावं लागत नाही. यादीत नाव शोधणं, पत्ता बदलणं, नाव गळल्याची तक्रार करणं, टपाली मतपत्रिका मागवणं, कोणत्या केंद्रावर किती गर्दी आहे ते बघणं, हे सगळं मोबाइलवर आणा. यातली प्रत्येक चूक बँकेतल्यासारखी सापडते आणि दुरुस्त होते, कारण यात काहीच गुप्त नसतं. ज्यांना केंद्रावर जाणंच शक्य नाही त्यांच्यासाठी छोट्या प्रमाणावर प्रयोगही करावेत.

आणि उद्या कोणी थाटामाटात ऑनलाइन मतदानाची घोषणा केलीच, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. सोर्स कोड कोणालाही बघता येतो का? निवडणुकीआधी फोडून दाखवायचं खुलं आव्हान दिलंय का? आणि कोणी फेरमोजणी मागितली, तर नेमकं काय मोजणार?