स्वेटर आता गळ्यापासून सुरू होतो

प्रश्न : सून जर्मनीत असते. तिने स्वेटरचा नमुना पाठवलाय, त्यात पाठ, पुढा, बाह्या वेगळ्या नाहीतच. गळ्याकडून सुरू करून सगळं खाली न्यायचं, शिवण नाही. मी आयुष्यभर तुकडे विणून जोडत आले. असा स्वेटर अंगावर नीट बसतो का? आणि सुई ४ मिलिमीटरची सांगितलीय. माझ्याकडे ८, १० आणि १२ नंबरच्या आहेत.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, छान बसतो. पण आधी सुईचं मिटवू. तुमच्या सुया जुन्या इंग्लिश मापाच्या आहेत, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नमुना हाती आला तर मात्र जपून! तिकडची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणून हल्ली मिलिमीटर बघायचे, नंबर सोडून द्यायचा. शिवाय हे काम सरळ सुयांवर होत नाही. दोन टोकांना सुई आणि मधे लवचीक वायर अशी गोल सुई लागते. अंगाला ८० सेंटीमीटरची, गळ्याला ४०ची घ्या.

आता विणायचं कसं ते. गळ्याचे टाके घालायचे, पाठ, पुढा आणि दोन बाह्या असे वाटून चार जागी खुणेच्या कड्या अडकवायच्या. एक फेरी वाढवायची, एक साधी. वाढवायच्या फेरीत प्रत्येक कडीच्या अलीकडे-पलीकडे एकेक, म्हणजे आठ टाके वाढतात. मुंढा पुरेसा खोल झाला की बाह्यांचे टाके दोऱ्यावर ओवून ठेवायचे, काखेत थोडे नवे टाके घालायचे आणि अंग गोल गोल खाली उतरवायचं. सगळ्या फेऱ्या सुलट, त्यामुळे उलट टाक्याचा कंटाळा असणाऱ्यांची चंगळ. अर्धवट स्वेटर अंगात घालून बघता येतो, हे सुख तुकड्यांच्या स्वेटरात कुठलं?

मागचा गळा उंच करायला नमुन्यात काही अर्ध्या ओळी दिलेल्या असतात. किचकट म्हणून त्या गाळू नका, नाहीतर पुढून गळा काचतो. लोकरही फार जाड घेऊ नका. शिवणीचा आधार नसला की जड स्वेटर वापरून वापरून लोंबतो. आपल्या हवेला बारीक लोकरच बरी.

आणि दहा सेंटीमीटरचा चौकोन विणून टाके मोजल्याशिवाय सुरुवात करायची नाही. नमुन्यात दहा सेंटीमीटरला २२ टाके असले आणि तुमचे २० भरले, तर २२० टाक्यांचा घेर १०० ऐवजी ११० सेंटीमीटर होतो. सध्या ढगळ कपड्यांची फॅशन आहे, चालून जाईल, असं म्हणू नका. ढगळ बेतून केलेलं वेगळं आणि फसलेलं वेगळं. बघणाऱ्याला कळतं.

प्रश्न : मी मुलगा आहे, कॉलेजला आहे, नुकताच विणायला शिकलोय. सगळीकडे तो ढगासारखा केसाळ स्वेटर दिसतो. मला तोच करायचाय.
– विमाननगर

उत्तर : कर की! मुलगा आहेस हे सांगायची काही गरज नव्हती. तो केसाळपणा मोहेरचा. अंगोरा बकरीच्या केसांचा बारीक धागा रेशमाबरोबर पिळलेला असतो आणि बहुतेकदा दुसऱ्या साध्या धाग्याच्या जोडीने विणतात. दिसतो सुंदर. पण चुकलं की उसवताना केस एकमेकांत अडकतात आणि रडू येतं, शिकाऊ हाताला तो नकोच. शिवाय पुण्यात जानेवारीत सकाळी दहा अंशांवर हुडहुडी भरते आणि दुपारी तीसच्या आसपास ऊन असतं, तेव्हा तो स्वेटर दिवसभर हातातच वागवशील. त्याऐवजी गळ्याला बांधायचा छोटा तिकोनी स्कार्फ कर. तोही सध्या फॅशनमध्ये आहे, एका टोकाला वाढवत आणि नंतर घटवत जायचं. लोकर थोडी लागते, चूक झाली तर उसवायलाही थोडंच असतं.

प्रश्न : आमच्या ह्यांच्या वडिलांचा बिनबाह्यांचा नक्षीचा स्वेटर नात कॉलेजला घालून जाते. म्हणते हेच चालू आहे. तसा नवा करता येईल?
– सदाशिव पेठ

उत्तर : नात बरोबर बोलते. बिनबाह्यांचे स्वेटर परत आलेत, सदऱ्यावर घालतात. तुमचा बहुतेक फेअर आयलच्या धर्तीचा असावा. ते स्कॉटलंडच्या उत्तरेचं शेटलंडमधलं छोटं बेट. त्या नक्षीला जगभर नाव मिळालं ते १९२०च्या दशकात, इंग्लंडचा युवराज तसा स्वेटर घालून गोल्फ खेळायला लागल्यावर. हाच युवराज नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्यात शिवस्मारकाच्या पायाभरणीला आला होता. (इथे कोणता स्वेटर घालणार, म्हणा!)

नक्षीत रंग खूप दिसले तरी एका ओळीत दोनच असतात. न लागणारा धागा मागून सैल न्यायचा. तो ताणला की स्वेटर आखडतो आणि डोक्यातून शिरत नाही. मागचा धागा चार-पाच टाक्यांपेक्षा लांब जात असेल तर मधे एकदा गुंफून घ्या, नाहीतर नातीच्या अंगठ्या त्यात अडकतील. सुती धाग्यात करायचा मोह होईल, पण सुतात ताण नसतो, नक्षी उठावदार येत नाही. लोकरच घ्या.

प्रश्न : भाचीला बाळंतविडा द्यायचाय. गुलाबी-निळा सोडून काय चालतं?
– बिबवेवाडी

उत्तर : मोहरी, विटकरी, राखाडी, शेवाळी. भाचीची आई नाक मुरडेल, भाची खूश होईल. जाळीची नक्षी मात्र टाळा, बाळाची बोटं अडकतात. बटणं खांद्यावर लावा, मानेखाली नकोत. आणि सगळं एक माप मोठंच विणा.