आवाजावरून वयाचा अंदाज लोक कसा बांधतात?

आपले वय 42 असूनही फोनवर अनोळखी माणसे आपल्याला कॉलेजातली मुलगी समजतात, आणि ऐकणारा वय नेमके कशावरून ठरवतो, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला गाणे शिकवते. माझ्याकडे शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत सगळे एकाच तंबोऱ्यासमोर बसतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

पहिली खूण पट्टीची. लहान मुले साधारण 250 ते 300 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास बोलतात, प्रौढ स्त्री 200 च्या आणि पुरुष 120 च्या आगेमागे. मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा ही खूण अचूक असते. पुढे मात्र ती फसवी ठरते, कारण रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, तर म्हातारपणी पुरुषांचा उलट थोडा चढतो.

म्हणून कान अधिक भरवसा ठेवतो तो दमावर, स्थिरतेवर आणि बोलण्याच्या वेगावर. वयाबरोबर स्वरयंत्रातल्या कूर्चा हाडासारख्या कडक होतात, स्वरतंतूंतले स्नायू झिजतात आणि दोन्ही तंतू मध्यभागी पुरते मिटत नाहीत. त्या फटीतून हवा निसटते आणि आवाज विरळ, कापरा होतो. आमच्या एका आजींना स्तोत्र म्हणताना आता प्रत्येक चरणानंतर श्वास घ्यावा लागतो आणि लांबवलेला षड्ज (सा) शेवटी थरथरतो, पण सूर जागचा हलत नाही आणि त्या एक शब्दही विसरत नाहीत. अशा आवाजाच्या माणसाशी लोक मोठ्याने, तोडून तोडून बोलू लागतात, जणू त्याची बुद्धीही थकली आहे, हे मला फार खटकते.

अंदाज कितपत खरा ठरतो? नुसता लांबवलेला ‘आ’ ऐकूनही श्रोते तरुण आणि वृद्ध बहुधा वेगळे ओळखतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र नेमके वय सांगताना दहाएक वर्षांची चूक सहज होते, आणि त्यातही तरुणांना थोडे मोठे व वृद्धांना थोडे लहान ठरवण्याकडे कल असतो. धूम्रपानाने आवाज अकाली जून वाटू लागतो, तर कसलेला गळा वय लपवतो. 1929 साली आमच्या इंदुरातच जन्मलेल्या लता मंगेशकर साठी उलटल्यावरही विशीतल्या नायिकांसाठी गात होत्या आणि ऐकणाऱ्यांना ते आवाज शोभूनच दिसत होते.

आपला आवाज मुळात उंच पट्टीचा आणि स्वच्छ असेल व आपण भरभर बोलत असाल, तर ऐकणारा वय कमीच धरणार. त्यातच साध्या फोनवरून सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचतो, त्यामुळे श्वासाची बारीक खरखर आणि ‘स’सारख्या वर्णांची धार बरीचशी वाटेतच गळते, आणि समोरच्याच्या हाती उरतात मुख्यतः पट्टी (जी 300 च्या खाली असली तरी कान वरच्या कंपनांवरून ओळखतो) आणि वेग.