मन्या आत, बुलबुल बाहेर

प्रश्न : अंगणात जास्वंद, कढीपत्ता आणि कुंपणावर मधुमालती आहे. बुलबुल, शिंजीर, खारी रोज येतात. गेल्या आठवड्यात आमचा मन्या बोका बुलबुलाचं पिल्लू तोंडात धरून थेट ओट्याजवळ आला. आते काय करू, माय? पक्ष्यांचं पाणी बंद करू का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : पाणी अजिबात बंद करू नका, ताई. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, परळातलं पाणी दुपारपर्यंत तळाला जातं. फक्त परळाची जागा बदला. तुमचं बहुतेक जास्वंदीच्या आडोशाला असेल, माझंही होतं. सावली बघून ठेवलं, आणि आमची मांजर सोनी त्याच सावलीत दबा धरून बसायची. डोकं हलायचं नाही, नुसतं शेपटीचं टोक हलायचं. आता परळ मोकळ्यात, टांगलेल्या शिंकाळ्यात आहे. चारी बाजूंनी पाच-सहा फूट झुडूप नाही.

मन्याला रागावून खरंच उपयोग नाही. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. उजाडताना आणि दिवेलागणीला त्याचा जोर असतो, त्या दोन वेळांना त्याला घरात ठेवा. आधी दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटं दमवा, मग खायला घाला. गळ्यात घुंगरूही बांधून पाहिलं मी. आठ दिवसांत सोनी ते न वाजवता चालायला शिकली!

बुलबुलाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. मधुमालतीत चिवचिव वाढली की तीन-चार दिवस मन्या पूर्ण आत. घरट्यातून पडलेलं बिनपिसांचं पिल्लू उचलून परत ठेवलं तर चालतं; माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. मांजराचा दात लागलेला पक्षी मात्र वरून धड दिसला तरी लगेच पशुवैद्याकडे न्या. लाळेतल्या जंतूंनीच बहुतेक दगावतात.

मन्याची नसबंदी केली नसेल तर तेही उरका. भटकणं कमी होतं.

राहिली त्याची करमणूक. जाळीच्या खिडकीत पोतं घडी करून टाका. सोनी सकाळी तिथे बसते, समोर सातभाई कलकलाट करत पाचोळा उलथतात, आणि हिचा जबडा नुसता कटकट कटकट वाजत असतो.