ओसाकात दिवसभर पाऊस? तेन्जिनबाशी गाठा

जूनच्या शेवटी ओसाकात असाल, सोबत सासू-सासरे आणि सात व अकरा वर्षांची मुलं, आणि नेमका ओसाकाचा किल्ला बघायच्या दिवशी दिवसभर पाऊस दाखवतोय. छत्र्या घेऊन किल्ला उरकावा की हॉटेलातच बसावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी म्हणेन, दोन्ही नको. आम्ही बरीच वर्षं ओसाकात राहतोय आणि जूनमध्ये आलेल्या पाहुण्यांना पावसात नेण्याची आमची जागा ठरलेली आहे.

आधी पावसाबद्दल. इथल्या पावसाळ्याला 'त्सुयु' म्हणतात. ओसाकाच्या भागात तो सरासरी ६ जूनला सुरू होतो आणि १९ जुलैला संपतो. कोकणासारखा कोसळतो क्वचित, पण सकाळी रिपरिप लागली की संध्याकाळपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. त्यामुळे 'जरा उघडला की निघू' म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. किल्ल्याचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. आत लिफ्ट आणि संग्रहालय आहे, पण खरं बघण्यासारखे आहेत ते बाहेरचे खंदक आणि अजस्र दगडांचे तट. तिथवर स्टेशनापासून उघड्यावरून बरंच चालावं लागतं. ते कोरड्या दिवसासाठीच ठेवा.

पावसात एकच पट्टा धरा: तेन्जिनबाशीसुजी. सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा, वर छप्पर असलेला बाजार. जपानमधला सर्वांत लांब म्हणून तो ओळखला जातो. याची सोय अशी की मेट्रोची साकाईसुजी लाईन त्याच्या बरोबरीनेच जाते. मिनामिमोरिमाची, ओगिमाची आणि तेन्जिनबाशीसुजी रोकुचोमे ही तीन स्टेशनं ओळीने लागतात. आजी-आजोबांचे पाय कुठेही दुखले तरी स्टेशन जवळच. फक्त मोठे रस्ते आडवे येतात तिथे छप्पर तुटतं, तेवढ्यापुरती छत्री उघडावी लागते.

सकाळ मुलांना द्या. ओगिमाची स्टेशनाला लागूनच 'किड्स प्लाझा' आहे. १९९७ साली सुरू झालेलं हे मुलांचं संग्रहालय. आतलं मुलांचं गाव हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन कलाकाराने रचलंय. सरळ रेघ शोधून सापडत नाही, नुसत्या वळणावळणाच्या भिंती, जिने आणि बोगदे. तुमचा सात वर्षांचा तिथून निघायलाच तयार होणार नाही.

दुपारी बाजारातून रमतगमत रोकुचोमेपर्यंत या. तिथे स्टेशनाला जोडलेल्या इमारतीत आठव्या मजल्यावर 'ओसाका म्युझियम ऑफ हाउसिंग अँड लिव्हिंग'चं प्रवेशद्वार आहे. माझी सगळ्यात आवडती जागा हीच. आधी दहाव्या मजल्यावर जाऊन खाली बघायचं, मग नवव्यावर उतरायचं: १८३०च्या सुमाराचा ओसाकातला एक अख्खा मोहल्ला, खऱ्या मापाचा, इमारतीच्या आत उभारलेला. औषधाचं दुकान, खेळण्यांचं दुकान, मागची चाळीसारखी घरं, विहीर. दिव्यांच्या खेळाने तिथे सकाळ होते, संध्याकाळ होते, रात्र पडते. आमच्या घरची वडीलधारी माणसं तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, निवांत टेकून हा उजेड बदलताना बघत बसतात. घरात शिरताना बूट काढावे लागतात, म्हणून प्रत्येकाचे कोरडे मोजे पिशवीत घालून न्याच. ओल्या मोज्यांनी तातामीवर पाऊल ठेवणं बरं दिसत नाही आणि एसीत पायही गारठतात.

छत्रीचंही एक शिस्तीचं काम असतं. बऱ्याच दुकानांच्या दारात एक उभं यंत्र दिसेल. मिटलेली छत्री त्यात वरून सरळ खाली घालायची आणि स्वतःकडे ओढायची, की छत्रीवर प्लास्टिकची लांब पिशवी चढून येते. मुलांना हे काम देऊन टाका. संग्रहालयांत बहुधा छत्र्यांचं कुलपी स्टँड असतं, किल्ली आपल्याकडे ठेवायची. भारतातून छत्र्या वाहून आणू नका, कोणत्याही कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, पारदर्शक छत्री मिळते.

खाण्याबाबत सावध. बाजारात कोरोक्के तळताना दिसतील. बटाटेवड्याचा भाऊ वाटेल, पण सारणात बहुधा बीफचा खिमा असतो. उदोनच्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा 'दाशी' (अर्क) असतोच. सासूबाई काटेकोर शाकाहारी असतील तर भारतीय-नेपाळी हॉटेल आदल्या रात्रीच नकाशावर शोधून ठेवा. चार दशम्या सोबत असल्या तर उत्तमच.

तिकिटासाठी इकोका हे पैसे भरून वापरायचं प्रवासी कार्ड पुरे, एवढ्याशा फिरण्याला दिवसभराचा पास परवडत नाही. लिफ्ट प्रत्येक स्टेशनवर आहे, पण सगळ्या दारांना नाही. लिफ्टचं दार कुठलं ते पाटीवर बघूनच वळा, नाहीतर आजोबांना जिने चढावे लागतील.

तुमचा पावसाचा दिवस मंगळवार निघाला तर मात्र हे घरांचं संग्रहालय बंद असतं, आणि किड्स प्लाझा काही सोमवारी. मंगळवार असेल तर दुपारी साकाईसुजी-होम्माचीला गाडी बदलून चुओ लाईनने ओसाकाकोला जा आणि काइयुकान मत्स्यालय बघा. सरकत्या जिन्याने आठव्या मजल्यावर नेतात आणि मग ९ मीटर खोल टाकीभोवती उताराने फिरत खाली यायचं. तोच व्हेल शार्क वेगवेगळ्या मजल्यांवरून पुन्हा पुन्हा भेटतो. पावसात सगळं ओसाका तिकडेच लोटतं, म्हणून वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा.