प्रताधिकारावर कर, शुल्क की पट्टी?

प्रश्न असा आला आहे: "कर लावून प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा सुधारावा, असं सुचवणाऱ्या प्रस्तावांवर मी लेख लिहिते आहे. 'साहित्यकृतींवरील कर' असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुस्तकांवरचा जीएसटी वाटतो. नेमका शब्द कोणता वापरू?"

ताई, हा गैरसमज होणारच. आपल्याकडे एखाद्या वस्तूवर कर म्हटला की तो गिऱ्हाइकाने भरायचा असंच डोक्यात येतं. छापील पुस्तकांना जीएसटी नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. तुमच्या लेखातला बोजा पडणार आहे तो हक्क राखून ठेवणाऱ्यावर. तेव्हा आधी 'साहित्यकृतींवरील' काढा आणि 'प्रताधिकारावरील' लिहा. निम्मा घोळ तिथेच मिटेल.

पुढचा शब्द प्रस्तावागणिक बदलेल. अमेरिकेत 1998 साली प्रताधिकाराची मुदत 20 वर्षांनी वाढवली गेली आणि 2003 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ कायम केली. त्यानंतर तिथले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी सुचवलं, की प्रकाशनानंतर 50 वर्षांनी हक्कदाराने फक्त एक डॉलर भरावा. न भरल्यास कृती सर्वांना खुली व्हावी. तसं विधेयकही मांडलं गेलं, पण ते संमत झालं नाही. त्या डॉलरने तिजोरी भरायची नव्हती. हक्काची कदर असलेला वारस कोण आणि विसरलेला कोण, एवढंच त्यातून कळणार होतं. याला 'नूतनीकरण शुल्क' म्हणा. नुसतं 'शुल्क' नको, कारण मुद्रांक शुल्क आणि उत्पादन शुल्क हे करच आहेत. 'नोंदणी शुल्क' तर मुळीच नको: आपल्या 1957 च्या कायद्यात हक्क कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे.

दुसरा प्रस्ताव मला शब्दाच्या दृष्टीने सगळ्यात आवडतो. हक्कदाराने आपल्या हक्काची किंमत स्वतःच जाहीर करायची, त्या किमतीच्या काही टक्के रक्कम दरवर्षी भरायची आणि तेवढी किंमत कोणी देऊ केली तर हक्क सोडायचा. मालकी आहे तोवर दरसाल देणं लागणारी रक्कम म्हणजे मराठीत पट्टी. घरपट्टी घरात राहा वा कुलूप लावा, चुकत नाही. 'प्रताधिकारपट्टी' हा शब्द कोशात नसेल, पण वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. शेतसारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनीला महसुली दप्तरात 'आकारीपड' म्हणतात. पट्टी थकलेल्या कृतीला तो शब्द लावण्याचा मोह तुम्हाला होईल, मलाही झाला. पण आकारीपड जमीन सरकारकडे जाते, कृती मात्र सगळ्यांची होते. तिथे रुळलेला 'प्रताधिकारमुक्त'च बरा.

तिसऱ्या प्रकारात बोजा हक्कदारावर नाही, यंत्र घेणाऱ्यावर पडतो. जर्मनीत 1965 च्या कायद्याने ध्वनिमुद्रण यंत्रांच्या किमतीत थोडी रक्कम घालायला सुरुवात झाली: लोक घरी नकला करणारच, तर त्याचा मोबदला यंत्रामागे घ्यावा. ती जाते हक्कदारांच्या संस्थांकडे, सरकारकडे नाही. म्हणून 'कर' चूक आणि 'उपकर'ही चूक. महावितरणचं बिल काढून पाहा: 'स्थिर आकार', 'वहन आकार' कंपनीकडे राहतात, 'वीज शुल्क' राज्याकडे जातं. 'नक्कल आकार' चालेल.

'कर' हा शब्द एका ठिकाणी मात्र अवश्य ठेवा. मेकॉले 1841 साली ब्रिटिश संसदेत, मुदतवाढीच्या विधेयकाविरुद्ध बोलताना म्हणाला होता, की प्रताधिकार म्हणजे लेखकांना अनुदान देण्यासाठी वाचकांवर बसवलेला करच. तिथे 'शुल्क' किंवा 'आकार' घातलात तर वाक्य लुळं पडेल. वाचकाला त्या रकमेतून सुटका नाही, हेच त्याला म्हणायचं होतं.