चेनसॉचा बार तापतोय? आधी त्यावरचे आकडे वाचा

नवी चेन घेताना दुकानदाराला नुसतं ‘अठरा इंची द्या’ म्हणू नका, घोळ तिथेच होतो. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या, मशीनकडच्या टोकाला बहुधा पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या कोरलेली असते. तिन्ही जुळायला हवेत, शिवाय पिच स्प्रॉकेटशीही (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी). मी एकदा १.५ मिमी खाचेच्या बारवर १.३ ची चेन चढवली. बसली झकास, पण खाचेत डुलायची आणि आंब्याच्या फांदीत काप तिरका जायचा.

आता तापण्याचं. धूर दिसला की सगळे तेलाच्या टाकीकडे धावतात. टाकी भरलेली असते, बारचं तेलाचं भोक मात्र भुशाने बुजलेलं. बार काढून खाच आणि भोक तारेने साफ करा. मग टोक पुठ्ठ्यासमोर वीतभर लांब धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली, तरी तापतोय? मग चेन बोथट आहे किंवा फार ताणलीय. छिलक्यांऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल तर कानस लावा. ताण बघताना मशीन बंद, हातात मोजे: चेन हाताने सहज फिरावी, पण खाली लोंबू नये. आणि हो, गाडीचं काळं झालेलं ऑइल या टाकीत ओतू नका, पंपाची वाट लागते.